हातानं बदललेलं पान

त्याचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. धरणाच्या कार्यालयात सगळे त्याला आत्ताकाका म्हणत. कुणी काही सांगितलं की त्याच्या तोंडून पहिला शब्द निघे तो ‘आत्ता’.

“काका, त्या पानावर जुन्या साहेबांचाच फोटो आहे अजून.”

“आत्ता बदलतो.”

आणि तो खरंच बदलायचा. सांगणारा आपल्या टेबलाशी पोचेपर्यंत संकेतस्थळावर नवे साहेब हसत असायचे. जिथे साधी टाचणी मागायची तर अर्ज करावा लागतो, तिथे असा माणूस म्हणजे देवमाणूसच. लोक त्याच्यावर जीव टाकत. त्याला ते आवडे. घरी एकटा माणूस, दाराशी वाट बघणारं कुणी नाही. मग कचेरीत चार जण ‘काका होते म्हणून झालं’ म्हणाले की त्याचा दिवस भरून निघायचा.

हे संकेतस्थळ नऊ वर्षांपूर्वी एका बाहेरच्या कंपनीनं जावा नावाच्या संगणकाच्या भाषेत बांधून दिलं होतं आणि मग कंपनी जी गेली ती फिरकली नाही. मागे उरला आत्ताकाका. त्यातली काही पानं दर वेळी नव्यानं तयार व्हायची, म्हणजे पाणीपातळी, पाऊस, असले आकडे. बाकीची पानं स्टॅटिक. एकदा लिहून ठेवली की ठेवली. जो मागेल त्याला सर्व्हर ती आहेत तशी उचलून द्यायचा. पत्ते, फोन नंबर, नियम, साहेबांचा फोटो. आणि धरणाचे दरवाजे उघडण्याची वेळ.

ती वेळ स्टॅटिक का, यालाही कारण होतं. कंपनीच्या माणसानं तेव्हाच्या साहेबांना विचारलं होतं, “ही बदलते का?” साहेब म्हणाले होते, “बावीस वर्षांत नाही बदलली. सकाळी अकरा.” झालं. अकरा लिहिलं गेलं. त्याखाली तारीखसुद्धा नव्हती, कारण जे बदलतच नाही त्याला तारीख कशाला?

ही सगळी पानं ॲप्लिकेशनबरोबर एका गाठोड्यात, म्हणजे पॅकेजमध्ये, बांधलेली असत. गाठोडं सर्व्हरवर चढवलं की सर्व्हर ते सोडायचा, एका फोल्डरमध्ये मांडायचा आणि तिथून लोकांना दाखवायचा. पानात बदल करायचा तर सरळ रस्ता असा होता: मूळ फाईल बदला, नवं गाठोडं बांधा, तिघांच्या सह्या घ्या, महिन्याच्या पहिल्या सोमवारी चढवा. आणि आडरस्ता असा, की सर्व्हरवर मांडलेल्या फोल्डरमध्येच हात घालायचा, तिथलं पान बदलायचं आणि हात झटकायचे. जगाला नवं पान तत्क्षणी दिसतं. मूळ फाईलला मात्र त्याचा पत्ताही नसतो. उद्या कुणी नवं गाठोडं चढवलं की सर्व्हर तो फोल्डर पुसून टाकतो, मुळातली पानं पुन्हा मांडतो, आणि हातानं केलेलं सगळं गंगेला मिळतं.

आत्ताकाका हे सगळं जाणून होता. म्हणून तर त्यानं निळ्या पुठ्ठ्याची वही ठेवली होती. तारीख, कोणतं पान, आधी काय होतं, नंतर काय केलं, कुणी सांगितलं. आणि शेवटचा रकाना, ‘मुळात’. हातानं केलेला बदल मूळ फाईलमध्ये उतरवला की तिथे खूण करायची. वहीत त्रेचाळीस नोंदी होत्या. पहिले पाच रकाने सुवाच्य अक्षरात भरलेले. सहावा वरपासून खालपर्यंत कोरा.

आळस म्हणावा तर तसं नव्हतं. मुळात बदल करायला कुणाची सही लागत नव्हती. तो पुढच्या गाठोड्यातून आपोआप गेला असता. पण मुळातल्या प्रत्येक बदलाची नोंद यंत्र स्वतः ठेवतं. कुणी केला, कधी केला, काय केला, आणि ती नोंद मागाहून खोडता येत नाही. उद्या कुणी ती वाचून विचारलं, की बाबा रे, हे सह्यांवाचून लोकांपर्यंत पोचलं कसं, तर? वहीला तसली खोड नव्हती. वही ड्रॉवरमध्ये राहते आणि मालकाचंच ऐकते. ‘एकदा निवांत बसून सगळं मुळात घेऊन टाकू,’ असं तो स्वतःला बजावत असे. जगासाठी आत्ता आणि स्वतःसाठी निवांत, असा त्याचा कारभार.

आठ महिन्यांपूर्वी नवे साहेब आले आणि तीस वर्षं न बदललेली वेळ बदलायला लागली. खालच्या शहराची मागणी असेल तशी कधी नऊ, कधी पाच, कधी सात. दर वेळी साहेबांचं पत्र, दर वेळी “काका, तेवढं पानावर टाका”, दर वेळी “आत्ता टाकतो”. त्रेचाळिसांपैकी चौदा नोंदी ह्या एकट्या पानाच्या. पाणी सोडण्याआधी वाजणारा भोंगा त्याच सुमारास जळला होता. दुरुस्तीच्या फायलीवर साहेबांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, ‘वेळ संकेतस्थळावर उपलब्ध असल्याने तातडी नाही.’

आता त्या पानाचे वाचक कोण, तर नदीपात्रात उतरणारे. त्यांतले एक आत्ताकाकाचे दाजी, थोरल्या बहिणीचा नवरा. दाजी नदीतल्या बेटावरचा लव्हाळा कापून आणत आणि चटया विणणाऱ्यांना देत. पाणी कमी असताना बेटापर्यंत चालत जाता येई. वरून दरवाजे उघडले की पाऊण तासात त्या वाटेवर पुरुषभर पाणी. दाजींचा फोनवर विश्वास नव्हता, माणसावर होता. म्हणून ते रोज पहाटे मेहुण्याला उठवायचे.

“काय मेहुणे, उठलात की अजून राज्य करताय?”

“दाजी, सहा नाही वाजले अजून.”

“मग काय, पाणी तुमच्या सोयीनं सोडतात? वेळ सांगा.”

महिनाभर हे चाललं. मग एकदा आत्ताकाका वैतागला. “अहो, रोज काय फोन करताय? पान बघा ना. मी माझ्या हातानं टाकतो ते. माझ्यापेक्षा ते पान खरं.”

“तुमच्यापेक्षा खरं असायला काही लागत नाही,” दाजी म्हणाले आणि हसले. पण दुसऱ्या दिवसापासून फोन बंद झाला. भाचीनं त्यांना फोनवर पान उघडायला शिकवलं.

आणि मग कचेरीत आल्या मॅडम. वय अठ्ठावीस, नेमणूक कच्ची, वर्षभर परीक्षेची. कार्यालयानं आठवड्यात त्यांचं नाव नियमबाई ठेवलं, कारण त्यांनी नियमांची फाईल आल्या आल्या वाचून काढली होती. इतक्या वर्षांत ती उघडणाऱ्या त्या पहिल्याच. संकेतस्थळाच्या लॉगिनमध्ये एक भोक राहिलं होतं. त्यांनी ते बुजवलं, नवं गाठोडं बांधलं, आणि शुक्रवारी आत्ताकाकाच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. काका शनिवारी मोतीबिंदू काढायला जाणार होता आणि मंगळवारपर्यंत रजेवर होता.

“काका, सोमवारी मी पॅकेज चढवतेय. सर्व्हरवर हातानं काही बदललेलं नाही ना? असेल तर सांगा. मी बसून मुळात घेते, मग चढवते.”

प्रश्न सरळ होता. पण शेजारी चहाचा कप घेऊन साहेब उभे होते, आणि त्यांनी काकाच्या आधीच उत्तर दिलं.

“छे हो! आपल्याकडे सगळं नियमानं चालतं. काय काका?”

आत्ताकाकाचा गुडघा ड्रॉवरला टेकलेला होता. आत वही होती. वहीत ‘कुणी सांगितलं’ या रकान्यात एकवीस वेळा ‘साहेब’ होतं. वही काढावी तर साहेबांची अब्रू जाणार, आणि मॅडम तर सगळं कागदावर आणणाऱ्या बाई. शिवाय त्यानं मनातल्या मनात एक हिशेब केला, आणि तो हिशेब अनुभवी माणसाचा होता: पहिला सोमवार गेली तीन वर्षं कॅलेंडरात येत होता, कचेरीत आला नव्हता. तीन सह्या एका दिवसात? इथे एका सहीला तीन दिवस लागतात. बुधवारी आलो की बघू.

“हो ना,” तो म्हणाला. “सगळं मुळातच आहे.”

मॅडमनी सोमवारी तीन टेबलांपुढे उभं राहून तीन सह्या घेतल्या. चार वाजता गाठोडं चढलं. सर्व्हरनं जुना फोल्डर पुसला, नवा मांडला. मॅडमनी लॉगिन तपासलं, पाणीपातळी तपासली, स्टॅटिक पानं मुळाशी ताडून पाहिली. सगळी तंतोतंत जुळली.

मंगळवारी पहाटे आत्ताकाका ताईच्या घरी बाहेरच्या खोलीत डोळ्यावर पट्टी लावून झोपला होता. डोळ्यात दिवसातून चारदा औषध घालायला कुणीतरी हवं, म्हणून ताईनं त्याला हक्कानं आणून ठेवलं होतं. नंतर त्याला सगळं ताईकडूनच कळलं. दाजींनी विळा पोत्यात गुंडाळला, फोन काढला, आणि म्हणाले, “अकरा झाली म्हणे वेळ.”

ताई म्हणाली, “काल तर सात होती. उठवा की त्याला, विचारा.”

“झोपू दे गं. डोळा कापलाय त्याचा. पान त्यानंच टाकलंय ना.”

आणि मेहुण्याच्या उशाजवळच्या दारात ठेवलेल्या आपल्या चपला आवाज न करता उचलून ते निघून गेले.

दरवाजे सातला उघडले. पावणेआठला पाणी बेटाशी आलं. दोघे जण काठावर होते ते ओरडले. दाजी मधल्या वाटेवर होते, डोक्यावर भारा होता. एकानं सांगितलं, त्यांनी आधी भारा टाकला नाही. माणसाला वाटतं, जाईल निभावून. दुपारी खालच्या पुलाच्या खांबाशी सापडले.

त्या दिवशी आत्ताकाकाला कुणी काही सांगण्याआधी त्यानं फक्त एक विचारलं, “पानावर किती होतं?” भाची रडत म्हणाली, “अकरा.” मग त्यानं दुसरं काही विचारलं नाही. लोकांना वाटलं, धक्का बसलाय.

दहा दिवसांनी तो काळा चष्मा लावून कचेरीत गेला. चौकशी सुरू झाली होती. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, स्वतः उठून खुर्ची पुढे केली. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

“फार वाईट झालं, काका. घरचाच माणूस तुमचा.”

“हो.”

“आता बघा. चढवलं तिनं, सही तिची, चढवल्याबरोबर वेळ चुकली. सरळ आहे. कच्ची नेमणूक आहे, जाईल. तरुण आहे, दुसरीकडे लागेल. तुमचं वय आहे का दुसरीकडे लागायचं?”

साहेबांनी आवाज खाली आणला.

“मी पत्रं दिली. तुम्ही ती पानावर कशी टाकलीत, मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असायचं कारणही नाही. जुना फोल्डर पुसला गेलाय, कुणाकडे पुरावा नाही. काही टिपणं, वही वगैरे... नाहीये ना?”

“बघतो,” आत्ताकाका म्हणाला. साहेबांच्या लक्षात आलं असतं तर बरं झालं असतं, की हा माणूस आज ‘आत्ता’ म्हणाला नाही.

बाहेर मॅडम खुलासा लिहीत बसल्या होत्या. चेहरा उतरलेला, समोरचा चहा गार झालेला. त्या उठून उभ्या राहिल्या.

“काका, ते तुमचे दाजी होते हे मला परवा कळलं. मला माफ करा.”

आत्ताकाकाला वाटलं, कुणीतरी कानाखाली वाजवली असती तर सोपं गेलं असतं.

“मी दहा वेळा तपासलंय,” त्या म्हणाल्या. “मुळात अकराच आहे. पहिल्या दिवसापासून अकरा. मग लोक सात म्हणतात ते आलं कुठून? जुन्या फोल्डरची प्रत काढून ठेवायला हवी होती मी. नाही काढली. तुम्ही म्हणालात म्हणून...” आणि त्या थांबल्या. आरोप करायचा नव्हता त्यांना. वाक्य त्या बाजूला गेलं एवढंच. “नाही, माझीच चूक. काढायला हवी होती.”

“बसा,” आत्ताकाका म्हणाला. “ते लिहायचं थांबवा थोडं.”

तो आपल्या जागेवर आला. ड्रॉवर उघडला, वही काढली, टेबलावर उघडी ठेवली. एका डोळ्याला अजून धूसर दिसत होतं, म्हणून पडद्यावरची अक्षरं मोठी केली. घड्याळ बघितलं, अकरा वाजून पाच मिनिटं. मग त्यानं पहिली नोंद घेतली. मूळ फाईल उघडली, बदल केला, जपून ठेवला, आणि यंत्रानं नोंदीसाठी जागा दिली तिथे लिहिलं: ‘हा बदल अमुक तारखेला सर्व्हरवर हातानं केला होता. साहेबांच्या सांगण्यावरून. मुळात घेतला नव्हता.’ खाली त्याचं नाव यंत्रानंच टाकलं. हजेरीपटावरचं, खरं. मग वहीच्या सहाव्या रकान्यात खूण केली आणि दुसरी नोंद घेतली.

तारखेच्या क्रमानं जायचं त्यानं ठरवलं होतं. दरवाजांचं पान पहिल्यांदा आलं ते तिसाव्या नोंदीला. अकराचे नऊ. मग नवाचे पाच. एकदा केलेलं पुन्हा तसंच करताना त्याला एकेक सकाळ आठवत होती: नऊ केले तेव्हा दाजी फोनवर शिंकले होते, पाच केले त्या दिवशी म्हणाले होते, “तुमच्या साहेबाला झोप येत नाही काय?” मग फोन नाहीत, नुसत्या तारखा. शेवटची नोंद, पाचाचे सात.

त्रेचाळिसावी खूण केली तेव्हा घड्याळात एक सत्तावन्न झाले होते. त्याच्या मनानं सवयीनं हिशेब केला, नको असताना केला. दोन तास बावन्न मिनिटं. नोंदीला सरासरी चार.

मुळात बदल झाला की यंत्र सगळ्या संबंधितांना एकेक पत्र पाठवतं, ही मॅडमनी नुकतीच केलेली सोय. साहेब जेवून आले आणि त्यांच्या पेटीत त्रेचाळीस पत्रं पडलेली. ते केबिनबाहेर आले तेव्हा तोंडाचा रंग उडाला होता.

“काका, हे काय चालवलंय? हे आधी काढून टाका बघू!”

“निघत नाही ते, साहेब.”

“निघत नाही म्हणजे? कधी केलंत हे?”

“आत्ता,” आत्ताकाका म्हणाला.

कुणीतरी सवयीनं हसलं आणि लगेच गप्प झालं. त्यानं निळी वही उचलली आणि मॅडमच्या टेबलावर ठेवली. “तुमच्या खुलाशाला जोडा. मी ‘मुळातच आहे’ म्हणालो होतो ना, ते खोटं होतं. तेही लिहा. तारीख शुक्रवारची घाला.”

मॅडमनी वही उघडली, पानं उलटली आणि शेवटच्या नोंदीवर बोट ठेवलं. त्यांनी आभार मानले नाहीत. मानायचं कारण नव्हतं, आणि बाई नियमाच्या होत्या.

निलंबनाचं पत्र त्याला पाच वाजता मिळालं. त्यावर तिन्ही सह्या होत्या. एका दिवसात.

उरलं घर. तो अजून ताईकडेच होता. डोळ्याचं औषध आणखी दोन आठवडे होतं. ताई भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर दाजींचा एक शर्ट, त्याचं तुटलेलं बटण लावत होती. का लावत होती, कुणी विचारलं नव्हतं. भाची आत झोपली होती. आत्ताकाका समोर बसला आणि त्यानं सांगितलं. गाठोडं, फोल्डर, वही, शुक्रवारचा प्रश्न, साहेबांचा चहा, ‘हो ना’. काही गाळलं नाही. ताईला जावा कळत नव्हतं, पण ताई उभ्या जन्मात घर चालवलेली बाई. वरवर झाडून केर सतरंजीखाली ढकलणं तिला चांगलंच कळत होतं.

ताईची सुई थांबली होती.

“म्हणजे सात होतं ते तू लिहिलेलं,” ती शेवटी म्हणाली, “आणि अकरा झालं तेही तुझ्यामुळेच.”

“हो.”

“आणि ते खाली... मुळात का काय म्हणतोस, तिथे लिहून ठेवलं असतंस तर?”

“तर सातच राहिलं असतं.”

“किती वेळ लागतो त्याला?”

त्याला खोटं सांगता आलं असतं. अर्धा दिवस म्हणाला असता तरी तिला कुठे कळणार होतं? अर्ध्या दिवसाला निदान सबब तरी असते.

“चार मिनिटं,” तो म्हणाला.

ताईनं दोरा दातानं तोडला. शर्टाची घडी घातली, हातानं दोनदा सारखी केली, बाजूला ठेवली. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून ती उठली, कपाटावरची औषधाची बाटली घेतली आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

“मान वर कर.”

त्यानं चष्मा काढला, मान वर केली. तिनं नेहमीसारखी अंगठ्यानं पापणी खाली ओढली. हात हलत नव्हता. दोन थेंब. औषध झोंबलं, डोळ्यातून पाणी आलं, आणि ते कसलं हे तिनं विचारलं नाही, पुसायला पदरही पुढे केला नाही.

बाटलीचं टोपण घट्ट लावून तिनं ती त्याच्या तळहातावर ठेवली.

“उद्यापासून तुझं तू घाल,” ती म्हणाली. “तुझ्या घरी.”